मेडिकलला जायचंय, पण पदवी इंजिनिअरिंगची: अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी मेजर निवडीचा हिशेब

अमेरिकेत बारावी झाली की थेट मेडिकल, असं होत नाही. हायस्कूलनंतरचे काही मोजके एकत्रित कार्यक्रम सोडले तर आधी चार वर्षांची बॅचलर पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि त्यानंतर विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) असा मोठा पल्ला असतो. 'प्री-मेड' (मेडिकलची पूर्वतयारी) नावाची पदवी बहुतेक ठिकाणी नसतेच. ठरावीक विषय पूर्ण केले की मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, इतिहास असो, संगीत असो नाहीतर इंजिनिअरिंग, अर्ज करता येतो.

न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया इथल्या मराठी घरांत आई-बाबांपैकी एक तरी इंजिनिअर असतो. त्यामुळे एक सल्ला हमखास मिळतो: "इंजिनिअरिंग कर, मेडिकल नाही जमलं तर हातात नोकरी तरी राहील." हा सल्ला निम्मा बरोबर आहे. नोकरीचा भाग खरा. पण त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे इंजिनिअरिंग अवघड असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा थोडे कमी मार्क पडले तरी मेडिकल स्कूल सांभाळून घेईल. तसं सहसा होत नाही. म्हणून मेजर निवडताना प्रतिष्ठेपेक्षा क्रेडिटचा (प्रत्येक कोर्सला ठरलेल्या वजनाचा) तक्ता समोर ठेवावा. पुढचा सगळा हिशेब त्याचाच.

आधी दोन आकडे

२०२३-२४ च्या प्रवेशवर्षात एमडी (अमेरिकेतली, आपल्या एमबीबीएससारखी पहिली डॉक्टरी पदवी) देणाऱ्या मेडिकल स्कूलांना सुमारे ५२,५०० जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३,००० जणांनी प्रवेश घेतला. प्रवेश घेतलेल्यांचा सरासरी जीपीए (४ पैकी मार्कांची सरासरी) ३.७७ आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेतले सरासरी गुण ५११.७ होते. ही सरासरी सगळ्या मेजरची मिळून आहे, इंजिनिअरिंगवाल्यांसाठी वेगळी रेघ आखलेली नाही. मुलाखतीपर्यंत पोचलात तर समोरचा प्राध्यापक "केमिकल इंजिनिअरिंगमध्ये ३.६, म्हणजे बरंच आहे" असं मनात म्हणेलही. पण काही कॉलेजं त्याआधीच ठरावीक आकड्याखालचे अर्ज बाजूला काढतात, आणि त्या चाळणीला मेजर दिसत नाही.

बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज ॲमकास या एकाच सेवेतून जातात. ती तुमचे दोन जीपीए वेगवेगळे काढते. एक सगळ्या विषयांचा, दुसरा फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स यांचा, ज्याला बीसीपीएम म्हणतात. इंजिनिअरिंग विभागाचे विषय यात सहसा धरले जात नाहीत. थर्मोडायनॅमिक्समध्ये रक्त आटवून 'ए' मिळवलात तरी तो एकूण जीपीएत जाईल, सायन्स जीपीएत नाही. उलट कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स मात्र सायन्समध्ये मोजले जातात.

याचा परिणाम किती होतो ते एका मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याच्या यादीवरून बघा. कॅल्क्युलसचे तीन कोर्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स मिळून १६ क्रेडिट, फिजिक्स ८, जनरल केमिस्ट्री ८, बायॉलॉजी ८, ऑर्गॅनिक केमिस्ट्री ८, बायोकेमिस्ट्री ३. एकूण ५१. त्यातले २४ म्हणजे जवळपास निम्मे क्रेडिट गणित आणि फिजिक्सचे, आणि ते सगळे पहिल्या दोन वर्षांतच संपतात. घरापासून दूर, वसतिगृहातल्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये कॅल्क्युलसला पडलेला 'सी' डॉक्टर होण्याच्या अर्जात चार वर्षांनी दिसतो, तो असा.

पायरी १: मेडिकलला लागणाऱ्या विषयांची यादी घ्या

कॉलेजागणिक थोडा फरक पडतो, पण पुढची यादी पूर्ण असली की बहुतेक दारं उघडी राहतात. लॅबसह बायॉलॉजीचे दोन सेमिस्टर, लॅबसह जनरल केमिस्ट्रीचे दोन, लॅबसह ऑर्गॅनिकचे दोन, लॅबसह फिजिक्सचे दोन, बायोकेमिस्ट्रीचं एक, इंग्रजी किंवा लेखनाचे दोन, स्टॅटिस्टिक्सचं एक. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी काही ठिकाणीच सक्तीचे असतात, पण एमकॅटसाठी लागतातच. काही कॉलेजं ऑर्गॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरऐवजी बायोकेमिस्ट्री चालवून घेतात. ज्या पंधरा-वीस कॉलेजांना अर्ज करायचा विचार आहे त्यांच्या अटी एमएसएआर या अधिकृत डेटाबेसमध्ये वर्गणी भरून एकेक करून बघाव्यात. ही वर्गणी फुकट जात नाही.

आता तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या मेजरचा चार वर्षांचा तक्ता उतरवून घ्या आणि यादीतला जो विषय मेजरमध्येच सक्तीचा आहे त्यावर खूण करा. लॅबचा रकाना वेगळा ठेवा. इंजिनिअरिंगच्या कित्येक तक्त्यांत फिजिक्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला लॅब नसते, किंवा 'इंजिनिअरांसाठी केमिस्ट्री' असा एकच कोर्स असतो. मेडिकल स्कूलला तो अर्धाच वाटतो.

खुणा न झालेले विषय म्हणजे तुमच्यावरचा जादा बोजा. मेकॅनिकलसाठी तो असा निघतो: जनरल केमिस्ट्रीचं दुसरं सेमिस्टर ४, बायॉलॉजी ८, ऑर्गॅनिक ८, बायोकेमिस्ट्री ३. झाले २३ क्रेडिट. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि लेखन हे सामान्य शिक्षणाच्या सक्तीच्या रकान्यात बसवले तर त्यांचा वेगळा बोजा पडत नाही. २३ क्रेडिट म्हणजे दीड सेमिस्टर. ज्या पदवीला आधीच १२५-१३० क्रेडिट लागतात तिच्यावर हे दीड सेमिस्टर चढणार. ते कुठे बसवणार, याचं उत्तर तयार नसेल तर शाखेची चर्चा पुढे नेण्यात अर्थ नाही.

इथे अनेकांना एक पळवाट सुचते: बायोकेमिस्ट्री 'टेक्निकल इलेक्टिव्ह' (मेजरमधला ऐच्छिक कोर्स) म्हणून घेऊ. विभागाला आधी विचारा. एबेट या संस्थेची मान्यता असलेल्या इंजिनिअरिंग पदवीत किमान ४५ क्रेडिट इंजिनिअरिंग विषयांचे असावेच लागतात, त्यामुळे शुद्ध विज्ञानाचा कोर्स त्या रकान्यात बहुधा चालत नाही. 'इंजिनिअरांसाठी फिजिऑलॉजी' असा विभागाचाच कोर्स असेल तर मात्र तो दोन्हीकडे उपयोगी पडतो. त्याचा आशय मुख्यतः बायॉलॉजीचा असेल तर ॲमकासमध्ये बायॉलॉजी म्हणून नोंदवता येतो. त्यासाठी सिलॅबस जपून ठेवा, कारण वर्गवारीची छाननी होते आणि ती बदलली गेली तर कारण दाखवून फेरविचार मागावा लागतो.

पायरी २: शाखा

बायोमेडिकल इंजिनिअरिंग हा सगळ्यांच्या तोंडी असलेला पर्याय. जॉन्स हॉपकिन्स, ड्यूक, जॉर्जिया टेक, यूसी सॅन डिएगो इथले कार्यक्रम नावाजलेले आहेत. बायॉलॉजी आणि केमिस्ट्री बऱ्याच अंशी मेजरमध्येच येतात, जादा बोजा साधारण ४ ते ११ क्रेडिटवर उतरतो. तोटे दोन. पहिला म्हणजे वर्गातली बरीच मुलं प्री-मेडच असतात, त्यामुळे जिथे मार्क वर्गाच्या सरासरीवरून ठरतात तिथे स्पर्धा फार जवळची होते. दुसरा तोटा नोकरीचा, आणि 'हातात नोकरी' म्हणणाऱ्या पालकांनी तो नीट ऐकावा. बॅचलर पातळीवर बायोमेडिकलवाल्याला सगळ्याचं थोडंथोडं येतं. मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या कंपन्याही यंत्राचा सांगाडा करायला मेकॅनिकल आणि सर्किट करायला इलेक्ट्रिकल इंजिनिअर घेतात. म्हणजे मेडिकलसाठी सर्वात सोयीची शाखा आणि मेडिकल हुकल्यावर सर्वात भक्कम शाखा एकच नाही.

केमिकल इंजिनिअरिंग या दोहोंच्या मधे बसतं. ऑर्गॅनिकचं किमान एक, बऱ्याच ठिकाणी दोन सेमिस्टर मेजरमध्येच असतात. राहतात बायॉलॉजी आणि बायोकेमिस्ट्री, साधारण ११ क्रेडिट. नोकरीला दर्जा आहे. पण मास-एनर्जी बॅलन्स, ट्रान्सपोर्ट आणि रिअॅक्टर डिझाइन या कोर्सेसचे मार्क फार वेळा जीपीए खाली ओढतात, आणि दर आठवड्याच्या प्रॉब्लेम सेटवर रात्री जातात. ज्यांना केमिस्ट्री मनापासून आवडते त्यांनी ही शाखा अवश्य बघावी. बाकीच्यांनी फक्त क्रेडिट जुळतात म्हणून घेऊ नये.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यांचा बोजा वर काढला तसा, २० ते २४ क्रेडिट. बदल्यात ऑर्थोपेडिक्समधला सांध्यावरचा भार, रक्तवाहिनीतला प्रवाह, ईसीजीचा सिग्नल, एमआरआयची प्रतिमा कशी तयार होते हे तुम्हाला मुळापासून कळतं. प्रवेशासाठी याचा थेट फायदा थोडाच, पुढे संशोधनात भरपूर.

कॉम्प्युटर सायन्समध्ये जुळणारे विषय सगळ्यात कमी, पण मोकळे क्रेडिट अनेकदा सगळ्यात जास्त. विशेषतः जिथे ते इंजिनिअरिंग कॉलेजऐवजी आर्ट्स अँड सायन्स विभागात शिकवतात तिथे मेजरचे कोर्स कमी असतात आणि उरलेल्या जागेत सगळं प्री-मेड आरामात मावतं. फिजिक्सची लॅब मात्र तक्त्यात आहे ना, ते बघा.

मटेरियल्समध्ये केमिस्ट्री बरी जुळते. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये स्टॅटिस्टिक्स मजबूत होतं, आणि रुग्णालयातल्या रांगा, खाटा, ऑपरेशन थिएटरची वेळापत्रकं हे त्याचेच प्रश्न असतात. सिव्हिलमधून जाता येतं, पण त्यासाठी सिव्हिलच आवडायला हवं.

पायरी ३: केमिस्ट्रीची साखळी

वेळापत्रक कोलमडतं ते बहुतेक वेळा इथेच. जनरल केमिस्ट्री १ झाल्याशिवाय २ नाही, २ झाल्याशिवाय ऑर्गॅनिक १ नाही, मग ऑर्गॅनिक २, मग बायोकेमिस्ट्री. पाच सेमिस्टरची ही साखळी आहे आणि तिची एकही कडी सहसा वगळता येत नाही. पहिल्या वर्षाच्या फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टरला सुरू केली तर तिसऱ्या वर्षाच्या फॉलला संपते. बायोकेमिस्ट्री झाल्यावरच एमकॅट द्यावी, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये (जानेवारी ते मे) किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला परीक्षा आणि लगेच अर्ज, हे जमतं.

आता बघा काय होतं ते. मेकॅनिकलच्या तक्त्यात केमिस्ट्री एकच सेमिस्टर आहे, तीही काही ठिकाणी दुसऱ्या सेमिस्टरला टाकलेली. विद्यार्थी तक्त्याप्रमाणे जातो. जनरल केमिस्ट्री २ दुसऱ्या वर्षावर ढकलली जाते, आणि फॉलमध्ये तो कोर्स मिळाला नाही तर स्प्रिंगवर. मग ऑर्गॅनिक तिसऱ्या वर्षी आणि बायोकेमिस्ट्री चौथ्या. एका कोर्सच्या दिरंगाईने अर्ज आख्खं वर्ष पुढे जातो. म्हणून शाखा कोणतीही असो, पहिल्या दोन सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीचे दोन्ही भाग उरकून टाका. इंजिनिअरिंगचा सल्लागार "तुला दुसरी लागत नाही" असं सांगेल. त्याच्या तक्त्यापुरतं ते खरंच आहे. प्री-हेल्थचा सल्लागार वेगळ्या कार्यालयात बसतो, आणि या दोघांना एकमेकांचे तक्ते पाठ नसतात. दोघांकडे जायचं.

मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलवाल्याने पुढे कसं जावं, याचा एक चालण्याजोगा आराखडा असा:

पहिलं वर्ष: कॅल्क्युलस १ आणि २, जनरल केमिस्ट्री १ आणि २, फिजिक्स १, लेखन, प्रोग्रॅमिंग.
दुसरं वर्ष: कॅल्क्युलस ३, डिफरन्शियल इक्वेशन्स, फिजिक्स २, मेजरचे पाया घालणारे कोर्स, बायॉलॉजी १ आणि २, सायकॉलॉजी.
तिसरं वर्ष: ऑर्गॅनिक १ आणि २, मेजरचे मधले कोर्स, सोशिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स.
चौथं वर्ष: फॉलला बायोकेमिस्ट्री, दोन्ही सेमिस्टर कॅपस्टोन (पदवीचा शेवटचा गटाने करायचा) प्रकल्प, जानेवारी किंवा एप्रिलमध्ये एमकॅट, पदवीच्या सुमारास अर्ज.

यात ऑर्गॅनिक मुद्दाम तिसऱ्या वर्षी ठेवलंय. दुसऱ्या वर्षी स्टॅटिक्स, फिजिक्स २ आणि कॅल्क्युलस ३ यांच्या जोडीला ऑर्गॅनिकची लॅब आली की चारही ठिकाणी 'बी' पडतो. याची किंमत म्हणजे पदवी आणि मेडिकल स्कूल यांच्यामध्ये एक वर्ष मोकळं जाणार. आपल्याकडे 'वर्ष वाया गेलं' म्हणून घरात सुतक पाळतात, पण अमेरिकेत मेडिकलला जाणाऱ्यांपैकी बहुतांश मुलं निदान एक वर्ष मधे घेतात, आणि इंजिनिअरांना तर ते जास्तच सोयीचं. कारण अर्जाच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजागणिक निबंध आणि सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मुलाखती असतात. तेच चौथ्या वर्षाच्या कॅपस्टोनचे महिने. चार जणांच्या टीममधून ऐन चाचणीच्या आठवड्यात मुलाखतीला निघून जाणं टीमलाही महाग पडतं आणि मार्कांनाही.

बायोमेडिकल आणि केमिकलवाल्यांना साखळी वेळेत संपवून मोकळ्या वर्षाशिवाय अर्ज करता येतो. मार्क चांगले असतील तर जरूर करावा.

को-ऑप (शिक्षणाचाच भाग असलेली नोकरी) असलेल्या विद्यापीठात, उदाहरणार्थ नॉर्थईस्टर्न किंवा ड्रेक्सेलमध्ये, सहा-सहा महिने नोकरीत जातात. जे कोर्स वर्षातून एकाच सेमिस्टरला मिळतात ते या चक्रात चुकतात. को-ऑपचं वेळापत्रक मान्य करण्याआधी केमिस्ट्रीची साखळी त्यावर ठेवून बघा.

एपीचे क्रेडिट: मिळाले म्हणून वापरायचे नाहीत

मराठी मुलं हायस्कूलमधून एपी (कॉलेज पातळीचे कोर्स आणि परीक्षा) कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजी घेऊन येतात. विद्यापीठ क्रेडिट देतं, इंजिनिअरिंग विभागही खूश असतो. पण कित्येक मेडिकल स्कूलं नुसते एपी क्रेडिट मानत नाहीत, त्याच विषयातला वरचा कोर्स कॉलेजात केलेला मागतात. एपी केमिस्ट्रीवर जनरल केमिस्ट्री सोडली असेल तर अॅनालिटिकल किंवा फिजिकल केमिस्ट्री घ्यावी लागेल. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये ती येतेच, मेकॅनिकलमध्ये येत नाही. कॅल्क्युलसचे एपी क्रेडिट बिनधास्त वापरा, जागा मोकळी होते. बायॉलॉजीचे वापरलेत तर वरचे दोन कोर्स, समजा फिजिऑलॉजी आणि जेनेटिक्स, ठरवूनच वापरा.

उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये विषय उरकावेत का? सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, लेखन खुशाल करा. ऑर्गॅनिक आणि बायोकेमिस्ट्री शक्यतो स्वतःच्या विद्यापीठातच. काही कॉलेजं नाक मुरडतात, आणि आठ आठवड्यांत उरकलेलं ऑर्गॅनिक एमकॅटच्या वेळी आठवत नाही.

जीपीए: दोन वर्षांनी काय उरतं

समजा दर सेमिस्टरला १६ क्रेडिट आहेत. दोन वर्षांनंतर ६४ क्रेडिटवर ३.३ जीपीए आहे. "पुढे भरून काढू," असं वाटतं. तिसऱ्या वर्षाअखेर, म्हणजे ९६ क्रेडिटवर ३.६ हवा असेल तर एकूण ३४५.६ गुणांक लागतात. हातात आहेत २११.२. उरलेले १३४.४ तिसऱ्या वर्षाच्या ३२ क्रेडिटमधून काढायचे म्हणजे ४.२ ची सरासरी. ॲमकासमध्ये ए-प्लसलाही ४.०च मिळतात, तेव्हा हे अशक्य आहे. चौथं वर्ष धरून १२८ क्रेडिटवर ३.६ गाठायला पुढची दोन्ही वर्षं ३.९ ठेवावा लागेल. अवघड आहे, पण होणारच नाही असं नाही.

एखादा कोर्स पुन्हा करून मार्क पुसता येतात, ही आशाही नको. विद्यापीठ आपल्या कागदावर जुना ग्रेड झाकेल, ॲमकास दोन्ही प्रयत्न मोजतं. कोर्स हाताबाहेर जातोय असं मिडटर्मनंतर दिसलं तर मुदतीच्या आत 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची नोंद) घ्यावा. तो जीपीएत धरला जात नाही, आणि एखाद-दुसऱ्या 'डब्ल्यू'कडे कुणी फारसं बघत नाही. 'सी' मात्र कायमचा राहतो. डब्ल्यू घेण्याआधी स्कॉलरशिपला किमान किती क्रेडिट लागतात तेवढं तपासा.

एमकॅटमध्ये इंजिनिअरला काय जड जातं

परीक्षा २३० प्रश्नांची, ४७२ ते ५२८ गुणांची. कॅल्क्युलस एकाही प्रश्नाला लागत नाही. केमिकल-फिजिकल विभागात फिजिक्सचा वाटा सुमारे २५ टक्के, जनरल केमिस्ट्री ३०, बायोकेमिस्ट्री २५, ऑर्गॅनिक १५, बायॉलॉजी ५. म्हणजे इंजिनिअर जिथे पुढे असेल असं वाटतं तिथे तो एका विभागाच्या पाव हिश्शातच पुढे आहे. त्यातही इंजिनिअरिंगच्या फिजिक्सचा भर मेकॅनिक्स आणि विद्युत-चुंबकत्वावर असतो. भिंगं, ध्वनी, न्यूक्लिअर हे भाग कित्येकदा राहूनच जातात आणि एमकॅट ते हमखास विचारते.

कॅल्क्युलेटर चालत नाही. हायड्रोजन आयनचं प्रमाण ३ गुणिले १० चा उणे ५ वा घात असेल तर पीएच ५ वजा लॉग ३, म्हणजे साधारण ४.५, हे दहा सेकंदांत डोक्यात यायला हवं. चार वर्षं मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरवर वाढलेल्या मुलाची इथे बोटं वळवळतात. लॉग २ म्हणजे ०.३, लॉग ३ म्हणजे ०.५ च्या आत-बाहेर, वर्गमुळांचे अंदाज, घातांकांची बेरीज-वजाबाकी यांचा रोज पंधरा मिनिटं सराव करावा.

खरी दमछाक होते ती वाचनाच्या विभागात. ९० मिनिटांत ९ उतारे, ५३ प्रश्न, म्हणजे एका उताऱ्याला दहा मिनिटं. उतारे तत्त्वज्ञान, कला, इतिहास, समाजशास्त्र यांतले असतात. पाठांतराचा उपयोग शून्य, आणि तीन महिन्यांच्या क्लासने फार फरक पडत नाही. दुसऱ्या वर्षापासून रोज एक लांब इंग्रजी लेख वाचून लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिहून काढणं, एवढा एकच उपाय त्यातल्या त्यात चालतो. एकूण तयारीला साधारण ३०० तास धरा आणि ते सेमिस्टरच्या मधे कोंबू नका.

वर्गाबाहेरचे तास

ॲमकासच्या अर्जात अनुभवांच्या १५ नोंदी करता येतात. इंजिनिअरांच्या यादीत रोबोटिक्स टीम, हॅकेथॉन, लॅब, इंटर्नशिप असं सगळं दिसतं, आणि रुग्ण कुठेच नसतो. ग्लुकोज सेन्सरचं सर्किट बनवणं हा रुग्णसेवेचा अनुभव नव्हे. रुग्णालयात किंवा हॉस्पिसमध्ये (मरणासन्न रुग्णांच्या सेवाकेंद्रात) आठवड्याला तीन-चार तास, वर्ष-दोन वर्षं सलग असं स्वयंसेवेचं काम, दोन-तीन वेगवेगळ्या डॉक्टरांबरोबर मिळून ४०-५० तासांचं शॅडोइंग (सोबत राहून काम बघणं), जमल्यास ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा तातडीचा सेवक) किंवा स्क्राइबची (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणाऱ्याची) पगारी नोकरी, आणि मेडिकलशी संबंध नसलेली समाजसेवा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात वाढपी म्हणून उभं राहणं चांगलंच आहे, पण नोंद करायची तर वर्षभर मराठी शाळेत शिकवलेलं जास्त वजनदार ठरतं. तास आणि पर्यवेक्षकाचा संपर्क त्याच आठवड्यात लिहून ठेवा.

शिफारसपत्रांचा एक बारीक घोळ होतो. बहुतेक कॉलेजं विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं मागतात, आणि इंजिनिअरिंगचा प्राध्यापक त्यात धरायचा की नाही हे ज्याचं त्याचं ठरतं. सुरक्षित मार्ग म्हणजे बायॉलॉजी-केमिस्ट्रीतले दोन आणि इंजिनिअरिंगचा एक. तीनशे मुलांच्या ऑर्गॅनिकच्या वर्गात नुसता 'ए' मिळवून प्राध्यापक ओळखत नाहीत, त्यांच्या ऑफिसच्या वेळेत नेमाने जावं लागतं.

वैयक्तिक निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा असते. मुलाखतीत "मग इंजिनिअरच का नाही झालात?" हा प्रश्न येणार हे धरून चाला. "तंत्रज्ञानाने लोकांना मदत करायची आहे" हे उत्तर इंजिनिअरलाही शोभतं, म्हणून ते पुरत नाही. समोर बसलेल्या रुग्णाची जबाबदारी का हवी आहे, हे स्वतःच्या अनुभवातून सांगता यायला हवं.

इंजिनिअरिंगला खरोखर भाव कुठे आहे

मोजक्या ठिकाणी आहे. इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेनमधलं कार्ल इलिनॉय कॉलेज ऑफ मेडिसिन इंजिनिअरिंगच्या पायावरच उभं राहिलंय, पहिली तुकडी २०१८ची. टेक्सस ए अँड एमचा ह्यूस्टनमधला एनमेड कार्यक्रम चार वर्षांत एमडीबरोबर इंजिनिअरिंगची मास्टर्सही देतो, तो २०१९ पासून. हार्वर्ड आणि एमआयटीचा एचएसटी कार्यक्रम १९७० पासून चालू आहे आणि त्याला पक्कं गणित लागतं. एमडी-पीएचडीलाही इंजिनिअरिंगचं संशोधन चांगलं जुळतं. पण या सगळ्यांच्या जागा थोड्या, तेव्हा केवळ त्यांच्या भरवशावर मेजर ठरवू नये. टेक्ससमधल्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळ्या सेवेतून जातो आणि राज्याबाहेरच्यांना तिथे जागा कमी, हेही लक्षात असू द्या.

व्हिसा आणि पैसे

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांसाठी हा भाग मेजरपेक्षा मोठा आहे. एच-४ (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचं मूल वयाच्या २१ व्या वर्षी सहसा त्या व्हिसातून बाहेर पडतं आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येतं. अमेरिकेत बालवाडीपासून शिकलेलं असलं तरी मेडिकल स्कूलच्या लेखी ते परदेशी विद्यार्थी ठरतं. अनेक कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. जी परदेशी विद्यार्थी घेतात त्यांतली काही चार वर्षांच्या खर्चाची तजवीज आधीच दाखवायला सांगतात. सरकारी कर्ज मिळत नाही. अशा मुलासाठी 'हातात नोकरी' हा मुद्दा खरोखरच वजनदार आहे, कारण पदवीनंतर ओपीटीचं (विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचं) एक वर्ष आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखेला आणखी दोन वर्षं काम करता येतं. तेव्हा शाखाही मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर अशी नोकरीत चालणारी घ्यावी.

नागरिक असलेल्यांनीही कर्जाचा नवा नियम बघावा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होतं, आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळतं. कित्येक खासगी मेडिकल स्कूलांचा वर्षाचा खर्च याहून बराच जास्त आहे. बॅचलरला किती कर्ज काढायचं, हा प्रश्न त्यामुळे आजच सोडवावा लागतो.

भारतात बी.टेक. करून अमेरिकेत एमडीला जाऊ, असं कुणी नागपुरात किंवा पुण्यात बसून ठरवत असेल तर थांबा. बहुतेक मेडिकल स्कूलं अमेरिकेतल्या कॉलेजातलं शिक्षण मागतात आणि परदेशातले मार्क ॲमकासच्या जीपीएत येत नाहीत. भारतात एमबीबीएसला तर बी.टेक.ची काहीच सवलत नाही. नीट द्यायची, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं पहिल्यापासून. अकरावीला ग्रुप निवडताना दोन्ही वाटा उघड्या ठेवायच्या असतील तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणं, हा इथला सरळ मार्ग.

बाहेर कधी पडायचं

इंजिनिअरिंगमधून बायॉलॉजी किंवा न्यूरोसायन्सला जाणं बहुतेक विद्यापीठांत एका फॉर्मचं काम असतं. उलट दिशेने इंजिनिअरिंगमध्ये शिरणं मात्र कठीण, जागा आणि जीपीएच्या अटी असतात. म्हणून खरोखरच मन दोन्हीकडे असेल तर प्रवेश इंजिनिअरिंगला घ्यावा. पण निर्णयाची तारीख आधी ठरवावी: तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल. तोवर ४५-५० क्रेडिट झालेले असतात, त्यात कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मेजरचे एक-दोन खरे कोर्स येतात.

एकूण जीपीए ३.६ च्या वर, सायन्स जीपीए ३.५ च्या वर आणि मेजरचे कोर्स आवडताहेत, तर चालू ठेवा. जीपीए ३.३ च्या खाली आणि मेडिकल अजूनही पहिली निवड असेल, तर चौथ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मेजर बदला. मधल्या पट्ट्यात असाल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: मेडिकल स्कूल जगात नसतंच, तर हे इंजिनिअरिंग पुढे केलं असतं का? उत्तर हो असेल तर मोकळं वर्ष धरून आराखडा लांबवा. नाही असेल तर बदला.

बदलण्याआधी तीन कार्यालयांत विचारून घ्या. स्कॉलरशिप इंजिनिअरिंग कॉलेजशी बांधलेली आहे का, ते फायनान्शियल एडकडे. आधीचे किती क्रेडिट नव्या मेजरला लागू होतात, ते नव्या विभागाकडे. आणि एफ-१ वर असाल तर आय-२० या व्हिसाच्या कागदावरचं मेजर बदलून घेण्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडे, ॲड-ड्रॉपची (कोर्स घेण्या-सोडण्याची) मुदत संपण्याच्या आत.